गुडघा किंवा खुबा बदलताना भूल कोणती घ्यावी?

"डॉक्टर, भूल अर्धी देणार की पूर्ण?"

गुडघा किंवा खुबा बदलण्याचे ऑपरेशन ठरले की हा प्रश्न माझ्या दवाखान्यात हमखास येतो. तोही बहुधा शेवटी, खुर्चीवरून उठता उठता. त्याआधी सर्जन कोण, सांधा देशी बनावटीचा की परदेशी, पॅकेज किती, विम्याचे पैसे किती मिळणार, या सर्व गोष्टींवर घरात पंधरा दिवस खल झालेला असतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे नाव मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. ऑपरेशन टेबलावर दीड-दोन तास रुग्णाचा श्वास, नाडी आणि रक्तदाब ज्यांच्या हाती असतो, त्यांची गाठ अनेकदा आदल्या रात्री पाच मिनिटे पडते.

मी स्वतः भूलतज्ज्ञ नाही. मुलुंडमध्ये जनरल प्रॅक्टिस करणारा साधा एमबीबीएस डॉक्टर आहे. पण ऑपरेशनला जाण्याआधी रुग्ण माझ्याकडे येतो आणि टाके घेऊन घरी आल्यावरही माझ्याकडेच येतो. त्यामुळे भुलेविषयी लोकांच्या मनात काय काय असते, ते मला रोज ऐकायला मिळते. आजच्या लेखात या भुलेच्या प्रकारांची तुलना करू आणि कोणती भूल कोणाला योग्य, ते पाहू.

आधी थोडा इतिहास

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून एका रुग्णाला बेशुद्ध केले आणि त्याच्या मानेवरची गाठ सर्जनने काढली. पूर्ण भुलेचा जाहीर प्रारंभ तेथून मानला जातो. पुढच्याच वर्षी, १८४७ मध्ये, कलकत्त्यात ईथरचा वापर झाला.

कमरेखालच्या भुलेचा इतिहास त्यानंतरचा. १८९८ साली जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बिअर या सर्जनने पाठीच्या मणक्यांमधून बारीक सुई घालून कोकेनचे द्रावण सोडले आणि क्षयाने खराब झालेल्या पायाच्या सांध्याचे ऑपरेशन रुग्ण जागा असताना केले. म्हणजे या पद्धतीचा जन्मच पायाच्या सांध्याच्या ऑपरेशनसाठी झाला, असे म्हणायला हरकत नाही. पुढे बिअर आणि त्याचा सहकारी हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग एकमेकांवरही करून पाहिला. त्यानंतर बिअरचे डोके कित्येक दिवस इतके दुखत होते की उठून बसणे कठीण झाले. ही डोकेदुखी कशाने येते, ते पुढे सांगतो.

कृत्रिम सांधा मात्र नवा. १९६२ मध्ये इंग्लंडमधील सर्जन जॉन चार्नली यांनी धातूचा गोळा, प्लास्टिकची वाटी आणि सिमेंट वापरून खुबा बदलण्याची आजची पद्धत रूढ केली. आपल्याकडे या ऑपरेशनला घरोघरी ओळख मिळाली ती ऑक्टोबर २००० मध्ये. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला आणि २००१ मध्ये उजवाही. त्यानंतर कित्येक दिवस माझे रुग्ण "ते वाजपेयींचे ऑपरेशन" असेच म्हणत असत.

हे ऑपरेशन वेगळे का?

आपल्या उपनगरांत लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारती पुष्कळ आहेत. घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या स्थानकांचे जिने तर सर्वांच्या परिचयाचे. जिन्याने गुडघा झिजतो असे नव्हे, पण झिजलेला गुडघा जिन्यावर आधी बोलू लागतो. मग औषधे, व्यायाम, मालिश, पट्टे असे करत करत माणूस साठी-सत्तरीत ऑपरेशनला तयार होतो. खुब्याचे दोन प्रकार असतात. काहींचा खुबा झिजलेला असतो, तर काहींचे मांडीचे हाड न्हाणीघरात पाय घसरून खुब्यापाशी मोडलेले असते. पहिल्यात तयारीला वेळ मिळतो, दुसऱ्यात एक-दोन दिवसांत निर्णय घ्यावा लागतो.

म्हणजे रुग्ण वयस्कर. सोबत रक्तदाब, मधुमेह, कधी हृदयात स्टेंट, कधी दमा. ऑपरेशनमध्ये हाड कापले जाते, रक्त जाते, सिमेंट बसवताना रक्तदाब उतरू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्या दिवशी, कधी त्याच संध्याकाळी, रुग्णाला उभे करून चालवायचे असते. भूल निवडताना ती ऑपरेशनपुरती पाहून चालत नाही. पहिल्या दोन दिवसांत वेदना किती राहील, डोके किती लवकर स्वच्छ होईल, पायात ताकद किती लवकर येईल, हेही पाहावे लागते.

पूर्ण भूल

हिला लोक "जनरल" म्हणतात. शिरेतून औषध दिले जाते आणि अर्ध्या-एक मिनिटात रुग्ण झोपतो. मग घशातून श्वासनलिकेत नळी घालतात किंवा घशात बसणारा मऊ मास्क ठेवतात. ऑपरेशनभर वायूरूप किंवा शिरेतून औषध चालू असते. नळी घातली असेल तर बहुधा स्नायू सैल करण्याचे औषध देऊन श्वास यंत्राने दिला जातो. ऑपरेशन संपले की औषधे थांबवून रुग्णाला जागे करतात.

फायदे असे. रुग्णाला काहीही कळत नाही. ऑपरेशन लांबले तरी भूल हवी तेवढी लांबवता येते. पाठीत सुई द्यावी लागत नाही, त्यामुळे रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनाही देता येते.

तोटे असे. जागे झाल्यावर मळमळ किंवा उलटी होऊ शकते, एक-दोन दिवस घसा खवखवतो, थंडी वाजते. जुना दमा असलेल्या किंवा वर्षानुवर्षे विडी ओढणाऱ्या रुग्णाला छातीत कफ साठण्याचा धोका असतो. शिवाय जाग आल्याबरोबर सांध्याची वेदना सुरू होते, म्हणून वेदनाशामक उपाय आधीच करून ठेवावा लागतो.

कमरेखालची भूल

"अर्धी भूल" किंवा "स्पायनल" ती हीच. रुग्णाला बसवून किंवा कुशीवर झोपवून पाठ पुढे वाकवायला सांगतात. कातडी बधिर करून कमरेच्या दोन मणक्यांमधून अतिशय बारीक सुई आत जाते. मेंदू व मज्जारज्जू ज्या पाण्यासारख्या द्रवात असतात, त्या द्रवात दोन-तीन मिलिलिटर औषध सोडून सुई लगेच काढून घेतात. मोठ्या माणसात मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मण्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली दिली जाते. पाच-दहा मिनिटांत दोन्ही पाय जड व बधिर होतात. हा परिणाम साधारण दोन ते तीन तास टिकतो आणि गुडघा किंवा खुबा बदलायला तो पुरतो.

फायदे असे. श्वास रुग्णाचा स्वतःचा चालू राहतो. मळमळ कमी होते. रक्त जाण्याचे प्रमाण काहीसे कमी राहते. ऑपरेशन संपल्यावरही काही तास वेदना जाणवत नाही, त्यामुळे अफूच्या वर्गातील कडक वेदनाशामके कमी लागतात. कित्येक रुग्ण संध्याकाळी चहा पिऊन गप्पा मारतात.

तोटे असे. रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून शिरेतून सलाइन व औषधे हाताशी ठेवतात. काही तास लघवी अडते, विशेषतः प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना. क्वचित सुई नीट जागी बसत नाही किंवा भूल अपुरी पडते, मग पूर्ण भूल द्यावी लागते. काहींना एक-दोन दिवसांनी डोके दुखते. सुईच्या छिद्रातून तो द्रव झिरपल्याने हे होते. बिअरला झाले ते हेच. मी शिकत होतो त्या काळात सुया आजच्यापेक्षा जाड असत आणि ही तक्रार जास्त दिसे. आता सुया बारीक झाल्या आहेत आणि वयस्कर माणसांत हा त्रास मुळातच तरुणांपेक्षा कमी होतो. बसल्यावर डोके दुखते आणि आडवे झाल्यावर थांबते, ही त्याची खूण. असे झाले तर डॉक्टरांना सांगावे, त्यावर उपाय आहे.

एपिड्युरल आणि नसेची भूल

एपिड्युरल ही स्पायनलची बहीण. यात औषध त्या द्रवात न सोडता त्याच्या बाहेरच्या जागेत सोडतात आणि तेथे केसासारखी बारीक नळी ठेवतात. नळीतून पुढचे एक-दोन दिवस थोडे थोडे औषध देता येते. दोन्ही गुडघे एकदम बदलायचे असतील किंवा ऑपरेशन लांबणार असेल, तर स्पायनल व एपिड्युरल एकत्र देतात. मात्र पाय जड राहिल्याने चालायला उशीर होऊ शकतो. शिवाय ऑपरेशननंतर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करण्याची इंजेक्शने देतात, त्यांच्या वेळा पाहूनच ही नळी काढावी लागते.

तिसरी म्हणजे नसेभोवतीची भूल. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत मांडीतील नसेभोवती बधिर करणारे औषध सोडतात. एकट्या या भुलेवर गुडघा बदलत नाहीत. पूर्ण किंवा कमरेखालच्या भुलेला ती जोड असते, पुढच्या बारा-चोवीस तासांच्या वेदनेसाठी. पूर्वी हे इंजेक्शन जांघेपाशी देत. त्याने वेदना थांबे, पण मांडीचा स्नायू ढिला पडून रुग्ण उभा राहताना पडण्याची भीती असे. आता ते बहुधा मांडीच्या मध्यभागी, खालच्या बाजूस देतात. तेथे वेदना थांबते आणि स्नायूची ताकद बरीचशी शाबूत राहते. याखेरीज टाके घालण्यापूर्वी सर्जन स्वतः सांध्याभोवती औषध टोचतात, त्याचाही चांगला उपयोग होतो.

मग चांगली कोणती?

अमेरिकेतील सुमारे ४०० रुग्णालयांतील गुडघा व खुबा बदललेल्या ३,८२,२३६ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण पूर्ण भूल घेतलेल्यांत दर हजारी १.८ होते, तर कमरेखालची भूल घेतलेल्यांत दर हजारी १. इतर गुंतागुंतही कमरेखालच्या भुलेत कमी दिसली. अशा माहितीच्या आधारे २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने सल्ला दिला की, अडचण नसेल तर या ऑपरेशनसाठी कमरेखालची भूल पसंत करावी.

पण हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन्हींत धोका हजारात दोघांपेक्षाही कमी आहे. शिवाय कोणाला कोणती भूल द्यायची, ते त्या त्या डॉक्टरांनी रुग्ण पाहून ठरवले होते. अधिक आजारी रुग्णांना पूर्ण भूल मिळाली असेल, तर फरकाचे सगळे श्रेय भुलेला देता येत नाही.

म्हणून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्म्यांना एक आणि निम्म्यांना दुसरी भूल देऊन केलेले अभ्यास महत्त्वाचे. असे दोन अभ्यास खुब्यापाशी हाड मोडलेल्या वृद्धांवर झाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडातील अभ्यासात १,६०० रुग्ण होते. साठ दिवसांत मृत्यू आला किंवा आधाराशिवायही नाही आणि आधारानेही चालता येईना, अशांचे प्रमाण कमरेखालच्या भुलेत १८.५ टक्के आणि पूर्ण भुलेत १८ टक्के निघाले. म्हणजे फरक नाहीच. ऑपरेशननंतर रात्री भ्रम होऊन बरळणे, माणसे न ओळखणे हा त्रासही दोन्हींत सारखाच होता. २०२२ मधील चीनच्या ९५० रुग्णांच्या अभ्यासातही भ्रमाबाबत फरक दिसला नाही.

याचा मथितार्थ काय? ठरवून केलेल्या गुडघ्या-खुब्याच्या ऑपरेशनला कमरेखालच्या भुलेकडे पारडे थोडे झुकते, विशेषतः छाती कमकुवत असेल तर. पण पूर्ण भूल घ्यावी लागली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. अनुभवी भूलतज्ज्ञाच्या हाती दोन्ही सुरक्षित आहेत. "सर्वांत चांगली भूल कोणती" यापेक्षा "माझ्या प्रकृतीला कोणती" हा प्रश्न विचारावा.

कोणाला कोणती?

दोन उदाहरणे देतो.

मुलुंड पूर्वेचे सत्तरी ओलांडलेले एक आजोबा. चाळीस वर्षे विडी ओढलेली, पावसाळा आला की छाती भरते. मुलगा म्हणाला, "बाबा फार घाबरट आहेत, त्यांना पूर्ण झोपवा." भूलतज्ज्ञांनी फुप्फुसांची तपासणी पाहून समजावले की, त्यांच्या छातीला पूर्ण भूल जड जाईल. कमरेखालची भूल देऊन शिरेतून हलके झोपेचे औषध देऊ. तसेच केले. आजोबा ऑपरेशनभर घोरत होते. घाबरट असणे हे पूर्ण भूल घेण्याचे कारण होत नाही, हे यातून कळावे.

भांडुपच्या एका बाईंचे उलटे झाले. त्यांच्या कमरेच्या मणक्यांत पूर्वी ऑपरेशन करून स्क्रू बसवलेले होते. पूर्ण भुलेची त्यांना धास्ती, म्हणून कमरेखालचीच हवी होती. भूलतज्ज्ञांनी एक्स-रे पाहून आधीच सांगितले की, प्रयत्न करू, पण जमले नाही तर पूर्ण भूल द्यावी लागेल. सुई गेली नाही, पूर्ण भूल दिली, जोडीला नसेची भूल दिली. तिसऱ्या दिवशी बाई वॉकर घेऊन पॅसेजमध्ये फिरत होत्या.

साधारणपणे पुढील रुग्णांना कमरेखालची भूल टाळावी लागते किंवा फार विचार करून द्यावी लागते : रक्त पातळ करणारी औषधे वेळेवर थांबवलेली नसणे, रक्त गोठण्याचा दोष किंवा बिंबिका फार कमी असणे, पाठीवर सुईच्या जागी गळू किंवा जंतुसंसर्ग, हृदयाची महाधमनीची झडप फार आकसलेली असणे, आणि मणके संधिवाताने एकमेकांना जुळून गेलेले असणे. या शेवटच्या आजारात खुबे तरुणपणीच बदलावे लागतात. मान वाकत नसल्याने श्वासनलिकेत नळी घालणेही अवघड असते. अशा रुग्णाने सर्व सोयी असलेल्या रुग्णालयातच ऑपरेशन करावे.

उलट जुनाट दमा, झोपेत मोठ्याने घोरून श्वास अडकणे, अतिस्थूलपणा, पूर्वी पूर्ण भुलेत त्रास झालेला असणे, अशा रुग्णांना कमरेखालची भूल सहसा अधिक मानवते.

काही गैरसमज

*"पाठीत सुई दिली की जन्मभर कंबर दुखते."* सुईच्या जागी दोन-चार दिवस ठणका राहू शकतो. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचे खापर मात्र त्या सुईवर फोडू नये. सिझेरियननंतर मुलाला उचलणे-वाकणे, अशक्तपणा, व्यायामाचा अभाव आणि वय ही कारणे बहुधा असतात.

*"पाय कायमचे जातात."* ब्रिटनमध्ये स्पायनल, एपिड्युरल व तत्सम सुमारे ७ लाख इंजेक्शनांचा आढावा घेऊन २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कायमची इजा लाखात दोन ते चार जणांना झाली होती. धोका शून्य नाही, पण फार दुर्मीळ आहे.

*"जागे ठेवले तर हातोडीचे आवाज ऐकू येतील."* ऐकू येऊ शकतात, दुखत नाही. ज्यांना नको असेल त्यांनी हलक्या झोपेचे औषध मागावे. काही ठिकाणी कानाला गाणी लावू देतात.

*"पूर्ण भुलेने स्मरणशक्ती जाते."* वयस्कर माणसाचे डोके काही दिवस गोंधळलेले राहू शकते, पण वर सांगितल्याप्रमाणे तसे कमरेखालच्या भुलेनंतरही होते. चष्मा आणि कानाचे यंत्र लवकर परत देणे, रात्री नीट झोप, घरचे माणूस जवळ असणे, वेदना आटोक्यात ठेवणे, यांचा उपयोग अधिक होतो.

एक गोळी आणि एक आठवडा

घाटकोपरच्या एका कुटुंबाची गोष्ट सांगायलाच हवी. आजींचे गुडघ्याचे ऑपरेशन सकाळी आठला ठरलेले. उपास ठेवलेला, पॅकेजचे पैसे भरलेले, पुण्याहून मुलगी आलेली. भूलतज्ज्ञांनी शेवटचे विचारले, "सकाळी कोणत्या गोळ्या घेतल्या?" आजी म्हणाल्या, "रोजच्याच, बीपीच्या." सुनेने पर्समधले पाकीट काढून दाखवले. त्यात क्लोपिडोग्रेल होती. दीड वर्षापूर्वी स्टेंट बसवल्यापासून चालू असलेली. कोणी कागदावर लिहिलीच नव्हती, कारण घरच्यांच्या लेखी ती "बीपीची"च गोळी होती. भूलतज्ज्ञांनी ऑपरेशन थांबवले. घरचे संतापले. मुलगा मला फोनवर म्हणाला, "एका गोळीसाठी एवढे?"

होय, एका गोळीसाठी. या औषधाने रक्त लवकर गोठत नाही. सुई मणक्याच्या पोकळीत एखाद्या बारीक शिरेला लागली, तर एरवी थेंबभर रक्त येऊन थांबते. या गोळीवर ते साचत राहून मज्जारज्जूवर किंवा पायाच्या नसांवर दाब आणते आणि पाय कायमचे जाऊ शकतात. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून गोळी थांबवली, नवी तारीख घेतली आणि आजींचे ऑपरेशन कमरेखालच्या भुलेतच व्यवस्थित झाले. त्या सुनेने पाकीट काढले नसते तर काय झाले असते, ते मी त्या मुलाला समजावून सांगितले.

क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आधी, वॉरफॅरिन पाच दिवस आधी आणि रक्त तपासून, तर रिव्हारोक्साबान, अपिक्साबान यांसारखी नवी औषधे सुमारे तीन दिवस आधी थांबवतात. अॅस्पिरिनची अडचण सहसा नसते. पण यातले काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंट बसवून थोडेच महिने झाले असतील तर गोळी बंद केल्याने स्टेंट बुजून हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. अशा वेळी गुडघा थांबू शकतो, हृदय नाही.

ऑपरेशनपूर्वी काय करावे?

१. भूलतज्ज्ञांची भेट आदल्या रात्रीवर ठेवू नका. निदान आठ-दहा दिवस आधी मागून घ्या. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत यासाठी स्वतंत्र तपासणी असते.

२. सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. यादी लिहिताना नाव चुकते, पाकीट चुकत नाही. वैद्यांची चूर्णे, लसणाच्या कॅप्सूल, सांधेदुखीच्या "देशी" पुड्या हेही दाखवा. काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते, ते भूलतज्ज्ञांना कळणे अगत्याचे.

३. मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल नेमके विचारा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील गोळ्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात. वजन व साखरेसाठी आठवड्याला एकदा घ्यायचे इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा, कारण त्याने पोट रिकामे व्हायला वेळ लागतो.

४. विडी, तंबाखू, मशेरी, दारू यांबद्दल लपवू नका. बायका मशेरीचे सांगत नाहीत, पुरुष दारूचे. भूलतज्ज्ञ पोलीस नव्हेत.

५. पूर्वीच्या ऑपरेशनमध्ये स्वतःला किंवा सख्ख्या नातेवाइकाला भुलेचा त्रास झाला असेल तर आवर्जून सांगा. जुने डिस्चार्ज कार्ड असल्यास न्या. कवळी, हलणारा दात, औषधाची अॅलर्जी, घोरणे, हेही सांगा.

६. जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, तळलेले जड जेवण आठ तास आधी. साधे पाणी बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा हा पाण्यात मोडत नाही, तो दुधातच मोडतो. भूल कमरेखालची असली तरी उपास पाळावाच, कारण ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते.

७. तीन प्रश्न विचारा. मला कोणती भूल देणार आणि का? ती जमली नाही तर पुढे काय? ऑपरेशननंतरच्या वेदनेसाठी काय योजना आहे?

रात्री जागणाऱ्या नातेवाइकांसाठी

ऑपरेशनच्या रात्री रुग्णाजवळ जे माणूस थांबते, त्याने ही एक गोष्ट पाठ करून ठेवावी. कमरेखालची भूल उतरली की दोन्ही पायांची बोटे व घोटे हलू लागले पाहिजेत. किती वाजेपर्यंत हलतील, ते भूलतज्ज्ञांना आधीच विचारून घ्यावे. त्या वेळेनंतरही पाय हलत नसतील, आधी हलत असलेले पाय पुन्हा लुळे पडू लागले, पाठीत असह्य दुखू लागले किंवा लघवीची जाणीवच गेली, तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नये. त्याच क्षणी नर्सला उठवावे आणि भूलतज्ज्ञांना बोलवायला सांगावे. मणक्यात रक्त साचले असेल तर एमआरआय करून काही तासांत ते काढावे लागते. वेळेत काढले तर पाय वाचू शकतात. नसेची भूल दिली असेल तर त्या पायाला अधिक वेळ जडपणा राहतो, तेही आधी समजून घ्यावे. आणि पाय "आता ठीक वाटतो" म्हणून रुग्णाला एकट्याने बाथरूमला जाऊ देऊ नये. पहिल्या वेळी नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट सोबत हवेच.

ऑपरेशनची तारीख घ्याल त्याच दिवशी भूलतज्ज्ञांच्या भेटीचीही तारीख मागून घ्या आणि जाताना गोळ्यांची पिशवी विसरू नका.